‘एबीएस’चा पिवळा दिवा: बिघाड नेमका कोठे?

गाडी सुरळीत सुरू होते, इंजिनाची तक्रार नाही, ब्रेक दाबला की गाडी थांबतेही. मात्र डॅशबोर्डवर ‘एबीएस’ अशी अक्षरे असलेला पिवळा दिवा काही केल्या विझत नाही. अशा वेळी बहुतेक वाहनधारक दोनपैकी एक वाट धरतात. ‘गाडी तर थांबते आहे’ असे म्हणून काही जण दिव्याकडे दुर्लक्ष करतात, तर काही जण धास्तावून गॅरेज गाठतात आणि सांगितला जाईल तो महागडा भाग बदलून मोकळे होतात. पहिली वाट पावसाळ्यात जिवावर बेतू शकते. दुसरीत खिसा रिकामा होतो आणि अनेकदा दिवा तसाच पेटलेला राहतो.

वर्धा शहराला लागून असलेल्या पिपरी मेघे येथील वाहनधारकाला हा प्रश्न विशेष लागू पडतो. त्याची गाडी एकाच दिवसात तीन तऱ्हांच्या रस्त्यांवरून जाते. घराजवळ मुरमाचे किंवा पावसात काळ्या मातीच्या चिखलाने माखलेले रस्ते, पुढे नागपूर-तुळजापूर राष्ट्रीय महामार्ग आणि थोड्याच अंतरावर समृद्धी महामार्ग. समृद्धीचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी वाहतुकीस खुला झाला आणि जून २०२५मध्ये ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग पूर्ण झाला. मोटारींसाठी तेथे ताशी १२० किलोमीटरची वेगमर्यादा आहे. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे थांबण्याचे अंतर सुमारे चौपट होते. म्हणजे गावातल्या चिखलाने बिघडवलेला सेन्सर ज्या क्षणी हवा असतो, तो क्षण बहुधा महामार्गावर येतो.

चाक अडकू न देणारी यंत्रणा

‘एबीएस’ म्हणजे अँटिलॉक ब्रेकिंग सिस्टीम, अर्थात चाक जागीच अडकू न देणारी ब्रेकव्यवस्था. जोरात ब्रेक दाबल्यावर चाक फिरायचे थांबले आणि गाडी मात्र पुढे सरकत राहिली, तर टायर रस्त्यावरून नुसता घसरतो. घसरणाऱ्या पुढच्या चाकांना स्टिअरिंगचे वळण कळत नाही. चालक चाक उजवीकडे वळवतो, गाडी मात्र सरळ समोरच्या अडथळ्यावर जाते.

हे टाळण्यासाठी प्रत्येक चाकापाशी वेग मोजणारा एक सेन्सर असतो. एखादे चाक इतरांच्या तुलनेत एकाएकी मंदावले की ‘एबीएस’चे नियंत्रण युनिट त्या चाकाच्या ब्रेकचा दाब क्षणभर सोडते आणि पुन्हा देते. हे सेकंदाला अनेक वेळा घडते. पायाखाली पेडल थरथरते, ते यामुळेच. विमानांसाठी अशी यांत्रिक व्यवस्था १९५०च्या दशकातच वापरात आली होती. मोटारींसाठीची आधुनिक इलेक्ट्रॉनिक व्यवस्था बॉश कंपनीने १९७८मध्ये मर्सिडीजच्या ‘एस क्लास’ गाडीतून बाजारात आणली. भारतात एप्रिल २०१९पासून नव्या मोटारींना ‘एबीएस’ बंधनकारक झाले. त्यापूर्वीच्या अनेक गाड्यांच्या स्वस्त श्रेणींत ही व्यवस्थाच नव्हती. त्यामुळे त्या गाड्यांत हा दिवाही नसतो.

एक मर्यादा लक्षात ठेवावी. सैल मुरूम किंवा गिट्टीवर ‘एबीएस’मुळे थांबण्याचे अंतर कधी कधी वाढतेही. गाडी चालकाच्या हाती राहावी, हे या व्यवस्थेचे मुख्य काम आहे.

पिवळा आणि लाल

डॅशबोर्डवर ब्रेकशी संबंधित दोन दिवे असतात आणि त्यांची गल्लत करू नये. लाल दिवा हा मूळ ब्रेकचा आहे. हँडब्रेक ओढलेला असणे, ब्रेक ऑइलची पातळी घटणे किंवा ब्रेकमध्ये गंभीर बिघाड होणे, यांपैकी काही घडल्यास तो पेटतो. पिवळा दिवा ‘एबीएस’चा. तो एकटाच पेटला असेल तर साधे ब्रेक शाबूत असतात. नियंत्रण युनिटने स्वतःत किंवा आपल्याला मिळणाऱ्या माहितीत दोष आढळल्यामुळे स्वतःला बाजूला केलेले असते. चुकीच्या माहितीवर ब्रेक सोडण्यापेक्षा काहीच न करणे बरे, या तत्त्वावर त्याची रचना असते.

हँडब्रेक सोडलेला आहे, ब्रेक ऑइल पुरेसे आहे आणि तरीही लाल व पिवळा असे दोन्ही दिवे एकदम पेटले आहेत, ही स्थिती मात्र वेगळी आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये ब्रेकचा दाब वाटून देणारी ‘ईबीडी’ ही व्यवस्थाही त्याच युनिटकडून चालते. ती बंद पडल्यास जोरात ब्रेक लावताना मागची चाके आधी अडकून गाडी गरकन फिरू शकते. अशी गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी थांबवावी आणि टोचन करून गॅरेजला न्यावी.

पुष्कळ गाड्यांत ‘एबीएस’सोबत घसरणरोधक व्यवस्थेचा दिवाही पेटतो. दोन्ही व्यवस्था तेच चार सेन्सर वापरतात. त्यामुळे दोन दिवे म्हणजे दोन बिघाड, असा अर्थ काढू नये.

दिवा केव्हा पेटतो?

निदानाची सुरुवात स्कॅनरपासून नव्हे, निरीक्षणापासून होते. चावी ‘ऑन’ केल्यावर पिवळा दिवा दोन-तीन सेकंद पेटून विझतो. ही यंत्रणेची स्वतपासणी असते. त्यानंतर दिवा कोणत्या क्षणी पुन्हा येतो, याची नोंद मालकाने ठेवली तर मेकॅनिकचे अर्धे काम होते.

चावी फिरवल्यापासून दिवा विझतच नसेल, तर दोष बहुधा विजेच्या मार्गात असतो: तुटलेली वायर, उडालेला फ्यूज, सेन्सरच्या आतील तुटका वळसा किंवा खुद्द युनिट. दिवा विझला, पण गाडीने ताशी दहा-वीस किलोमीटरचा वेग घेताच परत आला, तर एखाद्या चाकाकडून वेगाचा संदेश येत नाही, असे समजावे. याच वेगाला अनेक गाड्यांत युनिट आपला पंप क्षणभर चालवून पाहते; त्या वेळी येणारी घरघर स्वाभाविक असते, पण पंप नादुरुस्त असल्यास दिवाही तेव्हाच पेटतो.

केवळ पावसात किंवा गाडी धुतल्यावर दिवा येत असेल, तर कनेक्टरमध्ये पाणी शिरते आहे. खड्ड्यातून जाताना किंवा वळण घेताना येत असेल, तर चाकाजवळची वायर किंवा बेअरिंग संशयित ठरते. रात्री हेडलाइट, वायपर, पंखा सारे चालू असताना येत असेल, तर बॅटरी आणि अल्टरनेटरकडे पाहावे.

आणखी एक लक्षण फसवे असते. कोरड्या रस्त्यावर हलका ब्रेक लावला आहे, गाडी थांबण्याच्या बेतात आहे आणि त्याच वेळी पेडल थरथरते. दिवा मात्र पेटत नाही. येथे एखाद्या चाकाचा संदेश कमी वेगात क्षीण होतो आणि चाक अडकले, असा युनिटचा समज होतो. तडा गेलेली ‘टोन रिंग’ किंवा सेन्सरवर बसलेला मळ ही त्याची नेहमीची कारणे आहेत.

घरच्या घरी होणारी तपासणी

गॅरेज गाठण्यापूर्वी काही गोष्टी कोणालाही पाहता येतात. ब्रेक ऑइलची टाकी ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ या खुणांच्या दरम्यान भरलेली आहे का, ते पाहावे. पातळी खाली असेल तर नुसते ऑइल ओतून थांबू नये. ब्रेक पॅड झिजले आहेत किंवा कोठे तरी गळती आहे, याची ती खूण असते. चारही टायर एकाच मापाचे आणि योग्य हवेचे असावेत. एका चाकाला लहान मापाची स्टेपनी लावली की ते चाक सतत वेगाने फिरते आणि युनिटला ती विसंगती दिसते.

मागचे ब्रेक लाइट पेटतात का, हे कोणाला तरी मागे उभे करून तपासावे. ब्रेक पेडलजवळच्या स्विचवरूनच पेडल दाबल्याची वर्दी युनिटला मिळते. फ्यूजच्या डबीत ‘एबीएस’साठी बहुधा एकाहून अधिक फ्यूज असतात, एक पंपासाठी व दुसरा नियंत्रणासाठी; दोन्ही पाहावेत. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी बुरशी चढली असेल तर ती साफ करावी. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिन चालू असताना हा आकडा साधारण १४च्या आसपास जातो. दाब फार घसरला की युनिट स्वतःला बंद करून घेते आणि दोष नसलेल्या भागावर संशय येतो.

कोड म्हणजे निकाल नव्हे

यानंतर स्कॅनरची पाळी. येथे पहिली अडचण अशी की, बाजारात मिळणारे स्वस्त कोड वाचक बहुधा फक्त इंजिनाचे, म्हणजे ‘पी’ अक्षराने सुरू होणारे कोड वाचतात. ‘एबीएस’चे कोड ‘सी’ अक्षराने सुरू होतात. ‘सी’ कोड वाचणारा आणि त्या कंपनीच्या गाडीशी जुळणारा स्कॅनर आहे का, हे आधीच विचारून घ्यावे. नाही तर ‘कोडच नाही’ असे उत्तर घेऊन परत यावे लागते.

दुसरी अडचण अधिक महत्त्वाची आहे. समजा, स्कॅनरने ‘सी००३५’ हा कोड दाखवला. अनेक गाड्यांत त्याचा अर्थ डाव्या पुढच्या चाकाच्या सेन्सरचे सर्किट असा होतो. कोडमध्ये ‘सेन्सर’ हा शब्द दिसताच सेन्सर बदलला जातो. सर्किट या शब्दात मात्र सेन्सर, त्याची वायर, कनेक्टर, टोन रिंग, बेअरिंग आणि युनिटचा तेवढा भाग हे सारेच येते. कोड कोणत्या कोपऱ्यात पाहायचे, एवढेच सांगतो. त्या कोपऱ्यातले काय बिघडले, हे माणसाने शोधायचे असते.

‘सर्किट खंडित’ अशा आशयाचा कोड असेल तर वायर व सेन्सर आधी पाहावेत. ‘संदेश अनियमित’ अशा आशयाचा असेल तर टोन रिंग, मळ आणि बेअरिंग आधी पाहावे. तसेच कोड पुसण्यापूर्वी तो लिहून ठेवावा. दिवा घालवण्याच्या घाईत कोड पुसून टाकला, तर अधूनमधून येणाऱ्या बिघाडाचा एकमेव पुरावा नष्ट होतो.

चाकापाशी काय आढळते?

वर्ध्याच्या काळ्या मातीची ओळख कापूस पिकवणारी म्हणून आहे; गाडीच्या खालच्या भागाला मात्र ती जाच ठरते. ओली असताना ती चाकाच्या आतल्या बाजूला थरावर थर चिकटते आणि वाळली की दगडासारखी कडक होते. सेन्सरची वायर चाकाबरोबर वर-खाली आणि पुढच्या चाकांत डावी-उजवीकडेही हलत असते. चिखलाच्या गोळ्याच्या वजनाने ती आपल्या क्लिपमधून निसटते आणि मग टायरला किंवा शॉकअ‍ॅब्सॉर्बरला घासू लागते. अनेकदा वरचे आवरण शाबूत दिसते आणि आतली तार तुटलेली असते. शेताजवळ किंवा उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदरांनी कुरतडलेल्या वायरी हेही नेहमीचे कारण आहे.

जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये चुंबक असते. ब्रेक पॅड आणि डिस्कच्या झिजेतून निघणारा लोखंडी भुगा त्याच्या टोकाला चिकटतो. सेन्सर आणि टोन रिंग यांतील अंतर जेमतेम मिलिमीटरभर असते. एवढ्याशा फटीत भुगा किंवा गंजाचा पापुद्रा अडकला की संदेश बिघडतो. टोन रिंग म्हणजे ॲक्सल किंवा हबवर बसवलेले दातेरी कडे. गंज फुगून तिला तडा जातो आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा संदेश चुकतो. चाक हाताने सावकाश फिरवून कड्याचा पूर्ण घेर पाहिल्याशिवाय हा तडा सापडत नाही.

नव्या गाड्यांत दातेरी कड्याऐवजी बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते. डोळ्यांना ती साध्या काळ्या रबरासारखी दिसते. बेअरिंग बदलताना ते उलट्या बाजूने बसवले, तर चाक उत्तम फिरते, आवाजही जातो. पण सेन्सरला काहीच ‘दिसत’ नाही. बेअरिंगचे काम झाल्यानंतर लगेच दिवा आला असेल, तर नवा सेन्सर घेण्यापूर्वी ही शक्यता तपासावी.

मीटरचा कौल

डोळ्यांना काही दिसले नाही तर मल्टिमीटर लागतो. जुन्या पद्धतीच्या दोन तारांच्या सेन्सरचा रोध बहुधा हजार ते दोन हजार ओहमच्या आसपास असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेनुसार बदलतो. पण डावा आणि उजवा यांची तुलना केली तरी खराब सेन्सर ओळखू येतो. चाक हाताने फिरवल्यास हा सेन्सर स्वतःच थोडा एसी दाब निर्माण करतो. नव्या पद्धतीच्या सेन्सरला मात्र युनिटकडून वीज मिळते. तो ओहमवर मोजू नये. मीटरमुळेच तो बिघडू शकतो. त्याच्या कनेक्टरवर चावी ‘ऑन’ असताना वीज येते का, हे पाहावे. वीज येतच नसेल, तर सेन्सर बदलून उपयोग नाही.

मोजमाप दोन ठिकाणी करावे: एकदा सेन्सरच्या कनेक्टरवर आणि एकदा युनिटच्या कनेक्टरवर. सेन्सरपाशी आकडा बरोबर आणि युनिटपाशी चूक आला, तर दोष मधल्या वायरमध्ये असतो. मोजताना वायर हलवून पाहावी. हलवताच आकडा उडाला, तर बिघाडाची जागा सापडली. दोन्ही बाजूंचे सेन्सर सारखे असतील, तर त्यांची अदलाबदल करूनही खात्री करता येते. कोड सेन्सरसोबत दुसऱ्या बाजूला गेला तर सेन्सर खराब. कोड तिथेच राहिला तर सेन्सर निर्दोष.

सर्वांत उपयुक्त चाचणी रस्त्यावर होते. स्कॅनरवर चारही चाकांचा वेग एकाच वेळी दिसतो. मोकळ्या, सरळ रस्त्यावर एकाने ताशी वीस-तीस किलोमीटरच्या वेगाने गाडी चालवावी आणि शेजारी बसलेल्याने आकडे पाहावेत. तीन चाके २५ दाखवत असताना चौथे मध्येच शून्यावर येत असेल, तर त्या चाकाचे नाव कळते. चालकाने स्वतः स्क्रीनकडे पाहू नये.

युनिट सर्वांत शेवटी

पंप, झडपा आणि नियंत्रण युनिट यांचा संच हा या यंत्रणेतील सर्वांत महाग भाग. तो खराब होतच नाही असे नाही. आतील सांधे तुटतात, पंपाची मोटर अडकते. मात्र वीज, अर्थिंग, फ्यूज आणि चारही सेन्सर निर्दोष ठरल्याशिवाय त्याच्यावर ठपका ठेवू नये. काही वेळा संपूर्ण संच न बदलता फक्त इलेक्ट्रॉनिक भाग दुरुस्त होतो, याची चौकशी करावी. संच बदलल्यास त्यातील हवा काढण्यासाठी अनेक गाड्यांत स्कॅनरच्या साहाय्याने पंप चालवावा लागतो. ही सोय नसलेल्या ठिकाणी हे काम करून घेऊ नये, मग त्यासाठी सुमारे पाऊणशे किलोमीटरवरच्या नागपूरला जावे लागले तरी चालेल.

गॅरेजमध्ये एकच प्रश्न विचारावा: ‘हा भाग खराब आहे, हे कशावरून ठरवले?’ उत्तरात कोडबरोबर मोजलेला आकडा किंवा दाखवलेली तुटकी वायर असेल, तर पैसे द्यायला हरकत नाही.

दिवा पेटलेला असताना

दुरुस्ती होईपर्यंत फक्त पिवळा दिवा असलेली गाडी चालवता येते. पण चालकाने सवय बदलली पाहिजे. पुढच्या वाहनापासूनचे अंतर वाढवावे, पावसात वेग स्पष्टपणे कमी ठेवावा आणि समृद्धीसारख्या वेगवान मार्गावर जाणे टाळावे. ‘एबीएस’ असताना आणीबाणीत पेडल पूर्ण दाबून धरायचे असते. ते बंद असताना तसे केल्यास चाके अडकतात. म्हणून दाब हळूहळू वाढवावा आणि टायर घसरू लागल्याचे जाणवताच पाय किंचित सैल करून पुन्हा दाबावे.

दुचाकीस्वारांसाठीही एक खुलासा आवश्यक आहे. १२५ सीसीहून मोठ्या नव्या दुचाकींनाही एप्रिल २०१९पासून ‘एबीएस’ बंधनकारक आहे. दुचाकी उभी असताना हा दिवा पेटलेलाच राहतो आणि गाडीने थोडा वेग घेतल्यावर विझतो. हा बिघाड नव्हे. चालत्या गाडीतही तो विझला नाही, तरच तपासणी करावी.

न पेटणारा दिवा

जुनी मोटार घेताना तर या दिव्याकडे दुहेरी लक्ष द्यावे. बिघाड लपवण्यासाठी दिवा काढून टाकणे, झाकणे किंवा दुसऱ्या दिव्याच्या तारेला जोडणे असे प्रकार होतात. चावी ‘ऑन’ केल्यावर ‘एबीएस’चा दिवा पेटलाच नाही, तर गाडी निर्दोष आहे असे नव्हे, उलट शंकेला तेथेच जागा आहे. दिवा पेटावा, आपल्या ठरलेल्या वेळेत स्वतंत्रपणे विझावा आणि गाडी चालवल्यावरही विझलेला राहावा, या तिन्ही गोष्टी पाहूनच व्यवहार करावा.

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. त्या काळात तिला मिळणारे पीयूसी प्रमाणपत्र केवळ धुराचे असते. त्या तपासणीत ब्रेक कोणी पाहत नाही. ‘एमएच ३२’ क्रमांकाची असो वा अन्य कोणत्या जिल्ह्याची, खासगी गाडीच्या ब्रेकचा नियमित तपासनीस तिचा मालकच असतो. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा चाकांच्या आतला चिखल कमी दाबाच्या पाण्याने धुऊन काढावा, सेन्सरच्या वायरी क्लिपमध्ये आहेत का ते पाहावे आणि ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलावे. एवढ्याने पिवळ्या दिव्याची बरीच कारणे मुळातच टळतात आणि तरीही तो पेटलाच, तर शोध कोठून सुरू करायचा, हे मालकाला ठाऊक असते.